हलीमाबीची विहीर

अकोल्याबाहेर मूर्तिजापूर रस्त्याला नवी वसाहत उभी राहिली ती हलीमाबीच्या विहिरीमुळे. त्या पट्ट्यात कुठेही खणा, पाणी लागायचं ते खारं. कितीही रटरटवली तरी त्या पाण्यात डाळीचा दाणा दाणाच राहायचा. हलीमाबीच्या सासऱ्यानं शेतात खणलेली विहीर तेवढी गोड निघाली. म्हणून वकील, मास्तर, रेल्वेतले कारकून असल्या मंडळींनी शेजारचे प्लॉट घेतले आणि गाव सोडून इथं घरं बांधली.

कमलाकांत वकिलांची बायको अनसूया त्यांतलीच. मुसलमानाच्या विहिरीचं पाणी देवाला कसं चालायचं, म्हणून तिच्या सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. मग पहिल्याच दिवशी वरण लोण्यासारखं शिजलं, आणि पाण्याला जात नसते हे त्याच सगळ्यांना सांगत सुटल्या.

हलीमाबी विधवा होती. विहिरीलगतच्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. पाणी ती कुणालाही भरू द्यायची. नेम एकच: दुपारी दोर सोडायचा नाही. सकाळी भरा, ऊन कललं की भरा, मधे विहीर झोपते. सासऱ्यानं घालून दिलेला हा नेम कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. बायका हसायच्या, पण पाळायच्या. अनसूया मात्र दुपारीच जायची, रिकाम्या हातांनी. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा माहेरचं कुणी वेळेवर पोचलं नव्हतं. पायांशी बसून राहिली होती ती हलीमाबी. तेव्हापासून त्या खोल्यांच्या ओसरीवर बसलं की अनसूयेला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात हलीमाबीच्या दिरानं, गुलाम नबीनं, आपल्या नावावरचं ते शेत एका कापड व्यापाऱ्याला विकलं. व्यापारी तिथं दुमजली बाजार बांधणार होता. कापड, किराणा, भांडी, सगळं एका छपराखाली. नकाशात विहीर बुजवलेली होती आणि हलीमाबीच्या खोल्यांच्या जागी ट्रक वळवायचं मैदान होतं.

वकिलांच्या ओसरीवर वसाहतीची बैठक भरली. ट्रकांची धूळ, हमालांची आरडाओरड, नासक्या मालावरच्या माश्या, पोरांना रस्ता ओलांडायची धास्ती, एकेक भीती निघाली. रेल्वेतल्या देवीदासांची भीती निराळीच होती. "बायका रोज खिडकीतून लुगडी पाहतील, अन्‌ आपण खिशात हात घालून बसू," ते म्हणाले. हे सगळं अर्जात लिहून मंडळी नगरपालिकेच्या अधिकाऱ्याला भेटली तेव्हा त्यानं एक वाट दाखवली. भर उन्हाळ्यात ही विहीर साऱ्या वसाहतीला पुरते हे दिसलं, तर नगरपालिका ती ताब्यात घेईल, बाजार मागे सरकवायला लावेल, आणि राखण करायला बाईलाही तिथंच राहू देईल. कमलाकांतांनी लगेच अर्ज नव्यानं लिहिला. धूळ, ट्रक, माश्या सगळं गाळून फक्त विहीर ठेवली. मुद्दा एकच असावा म्हणजे तो ठसतो, असं त्यांचं मत होतं.

पुरते हे दाखवायचं कसं, यावर अनसूयेनंच तोड काढली. खुशालरावांच्या मळ्यातलं तेलाचं इंजीन आणायचं आणि साहेबांसमोर दिवसभर उपसा करायचा. दुपारचा नेम मोडेल म्हणून हलीमाबीला विचारायलाही तीच गेली. हलीमाबीनं विहिरीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, एका दिवसानं काय होते, लावा.

इंजीन सकाळी धडधडायला लागलं ते दिवे लागेपर्यंत. पाणी थोडं खाली गेलं आणि तिथंच ठरलं. साहेबांनी पुन्हा पुन्हा वाकून पाहिलं, मान डोलावली आणि भरपूर पाणी असल्याचा शेरा मारला. पेढे वाटले गेले. हलीमाबीच्या हातावर वरून न टाकता, हाताला हात लावून, सासूबाईंनी पेढा ठेवला.

दुसऱ्या दिवशी अनसूयेची डाळ शिजेना. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि तशीच चुलीपुढं बसून राहिली.

झालं होतं ते साधं होतं. तिथल्या जमिनीत खोलवर जुनं खारं पाणी होतं आणि त्यावर पावसाच्या गोड पाण्याचा थर, दुधावर साय धरावी तसा, वर्षानुवर्षं साठला होता. बादल्यांनी ती साय वरच्या वर निघायची आणि मधल्या वेळात पुन्हा धरायची. इंजिनानं ती एका दिवसात ओढून नेली, आणि खालून खारं वर आलं. पातळी फारशी उतरली नव्हती ती त्यामुळेच.

पाऊस पडला की गोड होईल, असं सगळे म्हणत राहिले. पाऊस पडला. पाणी वाढलं, पण चव बदलली नाही. आता बायकांना मीठ विकत घ्यायला नको, असं देवीदास म्हणाले, पण कुणी हसलं नाही. एकेक घर लांबच्या नळावरून पाणी आणू लागलं. अधिकारी पुन्हा आला, चूळ भरून थुंकला आणि त्यानं आपला शेरा खोडला. कमलाकांतांना धुळीचा नि ट्रकांचा मुद्दा काढायचा होता, पण तो अर्जात नाही म्हणून कुणी ऐकून घेतला नाही. बाजार मंजूर झाला.

हलीमाबी मूर्तिजापूरला मुलाकडं, शफीकडं, निघाली. टांग्यात एक पेटी, एक वळकटी. निरोपाला वसाहतीतून अनसूया एकटीच आली होती.

"इंजिनाचं मीच सुचवलं," ती म्हणाली.

"मले मालूम हाये."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? हो म्या म्हटलं ना." हलीमाबीनं पदर डोक्यावर नीट ओढला. "सासऱ्याचा शब्द होता, तरी म्हटलं. मले वाटलं, रायते आता घर. एक दिवस जरा लालूच सुटली, बाई."

अनसूयेला रडू आवरेना. हलीमाबीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि टांग्यात चढली. मूर्तिजापूर काही लांब नाही, मी येत जाईन, असं अनसूया कसंबसं म्हणाली.

"येजो," हलीमाबी म्हणाली. "पन येताना गोडं पानी घेऊन येजो. शफीच्या घरचंबी खारंच हाये."

अनसूया हो म्हणाली. कुठून आणणार, ते दोघींपैकी कुणीच विचारलं नाही. टांगेवाल्यानं लगाम ओढला.