न थांबवलेलं रेकॉर्डिंग

मी हार्ड डिस्क बोलतेय. नाव इंग्रजी असलं तरी माझं सगळं आयुष्य नगरजवळच्या केडगावात, वाल्मिक डॉक्टरांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं. डॉक्टर दुर्बिणीनं पोटाची ऑपरेशनं करायचे. दुर्बीण पाहायची, पडद्यावर दिसायचं आणि मी ते जपून ठेवायचे.

नऊशेच्या वर माणसं मी आतून ओळखते. बाहेरून एकाचंही तोंड पाहिलेलं नाही, पण कानावर सगळं पडतं. नातेवाइकांना कौतुक असतं ते खड्यांचं. पित्ताशयातले खडे बाटलीत घालून हातात दिले, की ते उजेडात धरून बघतात आणि घरी नेऊन शेजाऱ्यांना दाखवतात.

थिएटरात एक न सांगितलेला नियम होता. जरा गडबड झाली, रक्त आलं, की पंकजा सिस्टर रेकॉर्डिंग बंद करायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्यामुळे माझ्याकडे सगळं गोड गोडच साठत गेलं.

एकदाच त्या विसरल्या. टेबलावर बद्रुन्निसा होती, बाबाजान टेलरची बायको. पित्ताशय सुजून लिव्हरला चिकटलं होतं. डॉक्टरांनी पित्ताशयाची समजून एक नळी कापली, आणि ती निघाली लिव्हरमधून पित्त नेणारी मोठी नळी. मी चालूच होते.

बाहेर येऊन डॉक्टरांनी सांगितलं, आत सगळं चिकटलेलं होतं, इलाज नव्हता. ते अर्धंच खरं होतं. बद्रुन्निसाला कावीळ झाली, पुण्याला हलवलं आणि दीड महिन्यानं ती गेली. तरी बाबाजान येऊन, हात जोडून, डॉक्टरांचे आभार मानून गेले. मला फार वाईट वाटलं. सगळं माझ्यापाशी होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

चार वर्षांनी पुण्याहून अश्विनी नावाची इंजिनिअर आली. ऑपरेशनचे व्हिडिओ दाखवून ती कॉम्प्युटरला पोटातलं ओळखायला शिकवत होती. पुढे ऑपरेशन चालू असतानाच तो धोक्याची नळी पडद्यावर लाल करून दाखवणार होता. डॉक्टरांनी निवडून दोनशे व्हिडिओ दिले. ते पाहून ती म्हणाली, "सर, यात एकही चूक नाही. मग त्याला धोका कळणार कसा?"

आठवडाभर डॉक्टर रोज रात्री बद्रुन्निसाचा व्हिडिओ लावून बघायचे. तो व्हिडिओ द्यायचा तर घरच्यांची सही हवी, आणि सही मागायची तर खरं सांगायला हवं. शेवटी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि बाबाजानांचं घर गाठलं.

लॅपटॉपला मला जोडून त्यांनी ती जागा दाखवली. "इथं मी चुकलो, बाबाजानभाई. आणि तुमच्याशी खोटं बोललो."

बाबाजान म्हणाले, "तिला सांगायचं हुतं, डॉक्टरसाहेब. ती जाईपत्तुर म्हनत हुती, माझ्याच पोटात खोट हाय, डॉक्टरचा काय दोष."

डॉक्टर रडले. बाबाजानांनी सही केली आणि एकच मागणं मागितलं.

"त्या कॉम्प्युटरला तिचं नाव तेवढं सांगा. कुनाकडून शिकला, ते त्याला ठावं असू द्या."

पण नियम तसा नाही. व्हिडिओ जातो तो नाव काढूनच. पुण्यात ती आता नुसता एक नंबर आहे. कॉम्प्युटर ती नळी आता बरोबर लाल करतो, असं अश्विनी फोनवर सांगत होती.

बद्रुन्निसाच्या नावाची फाईल एकट्या माझ्याकडे उरली आहे. मी जुनी झालेय, चालताना खरखरते. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून सोमवारी मला पुसून टाकणार आहेत. पुसा, माझी तक्रार नाही. फक्त बटण दाबण्याआधी पुसणाऱ्यानं ते नाव एकदा मोठ्यानं वाचावं. बद्रुन्निसा बाबाजान तांबोळी. तिच्या पोटात काही खोट नव्हती.