साचेवाल्या आजोबांचा राक्षस

“आजोबा, याच्या एका फटक्यात माणसाचा दगड होतो!” नातीने खेळाच्या पुस्तकातल्या राक्षसावर बोट ठेवले.

सुट्टीची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर नकाशा, फासे आणि सोंगट्या पसरून तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींनी खेळ मांडला होता. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले शूरवीर व्हायचे.

आजोबांनी चष्मा पुसून चित्र न्याहाळले. फुगीर पाठ, बेडकाचे तोंड, कपाला असतात तसे गोल कान.

“अगं, हा तर माझा!”

पोरी खो खो हसल्या. पण आजोबांनी आयुष्यभर प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे साचे केले होते. एकदा मालकाने पिशवीभर डायनासोरच्या काळचे प्राणी करायला सांगितले. चित्र मात्र एकाचेही दिले नाही. दोन-तीन जमले, मग घोडे अडले. घरी मेणाचा गोळा घेऊन डोके धरून बसले, तेव्हा बायको शेजारी येऊन टेकली.

“अहो, पोरांना खेळायचंय, परीक्षा थोडीच द्यायचीय!” असे म्हणत तिने दोन वळ्या करून मेणाच्या डोक्याला चिकटवल्या. ते कान पाहून मालकाने कपाळाला हात लावला, पण माल हातोहात खपला.

“असेलही, आजोबा!” हे ऐकून खेळातली गोष्ट सांगणारी म्हणाली. “हा खेळ निघाला तेव्हा असलीच स्वस्तातली खेळणी राक्षस म्हणून मांडायचे. ओळखू येत नसेल त्याला नाव द्यायचे, अंगात ताकद घालायचे.”

आजोबांचा चेहरा खुलला. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि तिचे कान असे जाड पुस्तकात छापून आले होते. पण लगेच कपाळावर आठी चढली. “मग याला माणसं मारायला कुणी शिकवलं?”

“आज राक्षस तुम्हीच व्हा ना, आजोबा,” नातीने खुर्ची ओढली. “आम्ही गुहेत शिरलोय. तलवारी उपसल्यात. राक्षस काय करतो?”

आजोबांनी हनुवटी खाजवली.

“कूस बदलतो.”

“आणि?”

“आणि काय! घोरतोय बिचारा. तुम्ही आपल्या हळूच निघून जा.”

पोरींनी एकमेकींकडे पाहिले. मग नातीने ओठांवर बोट ठेवले आणि शूरवीरांच्या सोंगट्या एकेक करून, आवाज न करता, पुढे सरकू लागल्या.