वाकळेचं पोट

“येवढं मोठं घर पडलंय, आन् तुला माझंच टोपलं दिसलं व्हय रे? जा की पलीकडं. तिकडं तूप असतंय.”

सावित्रीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि कान दिला. मधे होती नुसती बांबूची तट्टी. पलीकडे तिची धाकटी जाऊ सुमंगला उंदराशी भांडत होती. भात कापून झालं की शेतातले उंदीर बिऱ्हाड घेऊन घरात येतात, हे दरसालचंच. पण ते ‘पलीकडं’ सावित्रीच्या मनात काट्यासारखं रुतलं. पूर्वी उंदीर अख्ख्या घरात यायचे. आता त्यांनाही अलीकडचे नि पलीकडचे करून टाकलं होतं.

खरं तर भांडण काहीच झालं नव्हतं. झालं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. झालं होतं ते एवढंच, की सावित्रीच्या नवऱ्यानं, परशुरामनं, लेकीची, पल्लवीची, बाळंतपणातून सुटका नीट व्हावी म्हणून देवाला बोलून श्रावणभर मासळी सोडली, म्हणजे घरच्या चुलीवरही ती बंद झाली. आणि श्रावणात तर खाचरांतून मासे नि खेकडे हाताला लागतात. धाकट्या भावाला, गुणाला, ते बघून राहवेना. मग सुमंगलानं तट्टीपलीकडे तीन दगड मांडले. “श्रावणापुरतंच हं अक्का,” असं म्हणालीही होती.

श्रावण गेला. गणपती आले, गेले. पल्लवी बाळंत झाली, तिचं बाळंतिणीचं पथ्यपाणी सुरू झालं. मग कापणी, मळणी. त्या गडबडीत तीन दगडांवर कधी माती लिंपली गेली आणि त्यांची चूल कधी झाली, कुणाला कळलं नाही. भाऊ एका शेतात राबत, एका ओसरीवर चहा पीत, आणि जेवायची वेळ झाली की पाहुण्यासारखे आपापल्या पाटाकडे वळत.

एकदा विचारावं, असं सावित्रीला रोज वाटे. पण सुमंगला म्हणाली, “असू दे की अक्का, बरं चाललंय,” तर? वेगळ्या चुलीवर मनासारखं तिखट घालता येतं, मीठ कमी पडलं तर थोरली जाऊ नाक मुरडत नाही. मुरडत होते खरी मी, सावित्रीला आठवे. आणि विचारणं उद्यावर जाई.

वाकळ मात्र दोघी मिळून शिवत होत्या. पल्लवीच्या तान्हीसाठी. सावित्रीचं हिरवं लुगडं, परशुरामची धोतरं, सुमंगलाच्या दोन साड्या, सगळं एकावर एक. कडेनं सुरुवात करायची आणि टाका घालत फिरत फिरत आत यायचं. एक या अंगानं, एक त्या अंगानं. दुपारी ओसरीवर सुया चालत, जिभा त्याहून जोरात.

“अक्का, तुमचा टाका बघा, गवारेडा चालल्यासारखा.”

“तुझा बघ आधी. मुंगी तरी बरी, जागेवरनं हलती.”

असं करत करत वाकळ संपत आली. राहिलं फक्त पोट. मधोमध तळहाताएवढी जागा उघडी ठेवायची, तिच्यात घरच्या चुलीवरच्या भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि मग शेवटचे टाके घालायचे. वाकळ उपाशी ठेवली तर पांघरणारं उपाशी राहतं, असं या घरात मानतात. भाकरी पुढं मुंग्या नेतात की धुण्यात विरघळते, ते कुणी बघायला जात नाही.

आणि तिथंच गाडी अडली होती. एक दिवस दोरा संपला. एक दिवस अमावास्या निघाली. एक दिवस सुमंगलाचं डोकं दुखलं, दुसऱ्या दिवशी सावित्रीचं. उघडं पोट बघून एका उंदरानं मात्र संसार थाटला. गुणानं वाकळ झटकली तसा तो परशुरामच्या लुंगीवरून पळाला आणि परशुराम या वयात ओसरीवरून अंगणात उडाला. पल्लवी हसून हसून लोळली. मग डोळे पुसून म्हणाली, “आता पुरं करा. उद्या सासरची रामनगरास्नं न्यायला यायल्यात आमाला.”

वाकळ ओसरीवर अंथरली. सगळे भोवती बसले.

“भाकरी आणा कुणीतरी,” परशुराम म्हणाला.

“तूच आण गं,” सावित्री जावेला म्हणाली. “तुझी मऊ असती.”

“न्हाई, न्हाई. नात तुमची. तुमीच आणा.”

“तुझी कोन न्हाई व्हय ती?”

“आई, काकू, कुठलीबी घाला की!” पल्लवी वैतागली.

“कुठलीबी कशी? घरच्या चुलीवरची...” परशुराम बोलता बोलता थांबला आणि अंगणातल्या कोंबडीकडे फार लक्ष देऊन बघू लागला.

गुणाला तोडगा सुचला. “दोन्ही घाला. एक हितली, एक तितली. हाय काय त्यात?”

सावित्री उठली. टोपल्यातली भाकरी तिनं उचलली, परत ठेवली, मग मोडली. दोन चुलींचे दोन तुकडे एकदा आत शिवले, की पुन्हा विचारायला काही उरणार नव्हतं. नातीच्या अंगावर जन्मभर वाटणी पांघरली जाणार होती. तरी तुकडा घेऊन ती बाहेर आली. पलीकडून सुमंगलाही आली, मूठ मिटून.

सावित्रीनं आपला तुकडा वाकळेच्या पोटात ठेवला आणि थोडी जागा सोडली. “घाल,” ती म्हणाली. आवाज साधा ठेवायचा तिनं फार प्रयत्न केला.

सुमंगलाची मूठ उघडेना. गुणानं खाकरून खुणावलं. एकदम लहान पोरीसारखं तिचं तोंड वाकडं झालं.

“अक्का,” ती म्हणाली, “मला न्हाई पायजे दुसरी चूल. एकटीला रांधायला मला अजाबात आवडत न्हाई.”