खालच्या घाटाची म्हैस

लाँचच्या अगदी पुढच्या बाकावर जागा मिळाली, तरी आई बाकाच्या कडेलाच टेकून बसली होती. दादा म्हणाले, "सरजा, नीट बस की. तिकीट काढलंय." तेव्हा ती थोडी आत सरकली आणि समोरच्या पाण्याकडं बघत राहिली.

"ही आपलीच गंगा हाय?"

"आपलीच."

"आपल्याकडं तर एवढीशी दिसती."

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. आईचं माहेर गंगाखेडच्या खाली, अगदी काठावर. दादा, म्हणजे माझे वडील नागनाथ, पूर्णेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. शेडमधल्या एका तेलुगू ड्रायव्हरनं त्यांना राजमहेंद्रीहून भद्राचलमला जाणाऱ्या लाँचबद्दल सांगितलं होतं. निवृत्त झालो की तुला तुझ्या गंगेवरून फिरवून आणतो, असा शब्द त्यांनी आईला दिला होता, आणि पंच्याहत्तर सालच्या कार्तिकात तो पाळला. मी मॅट्रिक होऊन घरीच होते. रेल्वेच्या पासात माझंही नाव होतं.

उलट्या धारेनं तीन दिवसांचा प्रवास. पहाटे भोंगा वाजला की स्वयंपाकी दोर बांधलेल्या बादलीनं नदीचं पाणी ओढायचा आणि त्यात तुरटी फिरवायचा. पुढं उभा राहून एक माणूस लांब बांबूनं पाण्याची खोली बघायचा आणि तेलुगूत ओरडून सांगायचा. गावागावाला लाँच थांबे. तंबाखूची गाठोडी, कोंबड्यांच्या पाट्या, चिंचेची पोती चढत, उतरत. कठड्यावर सगळ्यांची लुगडी वाळत. चाळीस वर्षं शेडच्या भोंग्याआधी उठलेली आई पहिल्याच दुपारी रिकामी बसून कंटाळली. ती स्वयंपाक्याकडं गेली, त्याच्या हातातलं सूप घेतलं आणि तांदूळ निवडायला बसली. तो तिला अम्मा म्हणू लागला.

त्या सगळ्या तेलुगू बोलण्यात आईच्या कानावर मराठी पडलं. सेलूच्या मनकर्णाबाई दिरासोबत रामाच्या दर्शनाला निघाल्या होत्या. त्यांचा कापसाचा व्यापार होता. दीर सारखे झोपलेले, बोलायला कुणी नाही. दोघींची अशी गट्टी जमली की संध्याकाळपर्यंत आमची जवसाची चटणी त्यांच्या दशमीवर आणि त्यांचा चिवडा आमच्या भाकरीवर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्यांना माहेरच्या पुराची गोष्ट सांगत होती. तिच्या बापाची एकुलती एक म्हैस पुरात वाहत निघाली होती आणि सगळं गाव काठावर जमलं होतं.

"अन् मग म्हैस घाटाकडं वळली," आई म्हणाली.

"कोन्त्या घाटाकडं?" मनकर्णाबाईंनी सहज विचारलं.

आई थांबली. तिच्या गावाला दोन घाट होते. वरचा गावाचा, खालचा आमच्या लोकांचा. छप्पन साली आमची माणसं बौद्ध झाली, पण घाट होते तसेच राहिले. दादांनी आईकडं पाहून नकारार्थी मान हलवली. मला ती दिसली, आईलाही दिसली असणार.

"खालच्या," आई म्हणाली. "आमच्या."

जरा वेळानं मनकर्णाबाई ऊन लागतंय म्हणत उठल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी पुन्हा आमच्याकडं पाहिलं नाही. दादा हळू आवाजात आईला रागावले. काय गरज होती, परक्या मुलखात कुणाला काय कळणार होतं? आई म्हणाली, "मी काय चोरी केली का?" पण रात्री ती जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडायची वेळ झाली तेव्हा ती बराच वेळ बाकावर बसून राहिली. मनकर्णाबाईंकडचं खाणं संपलं होतं आणि आता दुपारी त्याही स्वयंपाक्याचाच भात खाणार होत्या, हे तिला माहीत होतं. मग ती उठली आणि रोजच्यासारखी सूप घेऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले.

थोड्या वेळानं समोर सावली पडली. मनकर्णाबाई खाली बसल्या. त्यांनी सूप आपल्याकडं जरा ओढलं, चष्मा नीट केला आणि खडे वेचू लागल्या. सुपाची एक बाजू आईच्या मांडीवर होती, दुसरी त्यांच्या.

खाली मान घालूनच त्या म्हणाल्या, "मग म्हैस निघाली का?"

आईचा हात थांबला. "निघाली. पर भ्याली लय व्हती. वर्सभर दूध न्हाई दिलं तिनं."

"देईल कशी?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

दुपारी त्या आमच्याच बाकावर जेवल्या. भद्राचलमच्या घाटावर उतरताना मनकर्णाबाईंनी आईचा हात धरला. सेलूला या, जिनिंगच्या मागच्या गल्लीत कुणीही घर दाखवील, असं दोनदा सांगितलं.

पुढं माझं लग्न होऊन मी जालन्याला गेले. आई पूर्णेहून पॅसेंजरनं माझ्याकडं यायची. सेलू वाटेतच. एकदा मी तिला आणायला गेले होते. सेलू आलं तेव्हा म्हटलं, चल, उतरू, त्यांना भेटून पुढच्या गाडीनं जाऊ.

"नको," आई म्हणाली. "लाँचवर त्या व्हत्या अन् मी व्हते. घरात लय मानसं असतील."

गाडी बराच वेळ थांबली होती. फलाटावर कुणी वयस्कर बाई दिसली की आईची नजर तिच्यामागं जात होती. गाडी हलली तशी, ऊन लागतंय म्हणत तिनं खिडकीची फळी खाली ओढली. ऊन दुसऱ्या बाजूला होतं.