वाळली ना?

त्या पुरात साबणाच्या कारखान्यात पाणी शिरलं, तेव्हा फेस दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून बाहेर पडत होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. गल्लीतली कुत्री इतकी पांढरीशुभ्र झाली की एकमेकांना ओळखेनात, आणि जुनी भांडणं नव्यानं सुरू झाली. यातलं निम्मं सोडून द्या हवं तर. पुढचं मात्र खरं आहे.

कारखाना धाकट्या भावाचा. समोरच त्याच्या थोरल्या बहिणीचा, दोरखंडांचा. पाणी दोन्हीकडे सारखंच शिरलं, छातीएवढं.

भाऊ माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या प्रत्येक प्रश्नाला शेपूट असायचं. "माल भरला ना?" "कढई घासली ना?" "सगळं ठीक ना?" त्या 'ना'पुढं 'हो'शिवाय काही टिकायचंच नाही. एका फोरमननं कधीतरी 'नाही' म्हटलं होतं. तो तेव्हापासून गोदामात रिकाम्या खोक्यांवर साहेबकी करत होता. बाकीचे काय समजायचं ते समजले. कारखान्यात अशी शांतता की साबण वाळताना ऐकू यावा! भाऊ मोठ्या तोऱ्यात समोर बोट दाखवायचा, "ताईचा कारखाना आहे की बाजार?"

बाजारच होता. ताई आत शिरतानाच ओरडायची, "काय रे, आज काय बोंबललं?" की सगळी तोंडं एकदम सुटायची. पूर ओसरल्यावर तिनं यंत्राच्या बटणाला हात घातला, तर दोर वळणारी एक बाई खेकसली, "ताई, डोकं ठिकाणावर आहे का? आत चिखल आहे!" ताईनं दोन शिव्या दिल्या, चार खाल्ल्या, आणि पदर खोचून यंत्र खोलायला बसली.

इकडे भावाचा जीव एका मोटरीत अडकलेला. कढई ढवळायची ती एकच मोटर, तसली दुसरी मिळणं कठीण. ती चालली तर कारखाना, नाहीतर कुलूप. त्यानं फिटरला विचारलं, "मोटर वाळली ना?"

फिटरनं मोटरीकडं पाहिलं. मग मालकाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "हो, साहेब."

बटण दाबलं. निळा जाळ, जळका वास, आणि मोटर कायमची गप्प.

भाऊ म्हणाला, "ओली होती?"

"ओली होती."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही विचारलंत कुठं, साहेब? तुम्ही तर सांगितलंत." फिटरनं मान खाली घातली. "चुकलं माझंही. जीभच रेटली नाही."

कुलूप लागलं. ताईनं माणसं सामावून घेतली, खोकीवाल्या फोरमनलासुद्धा. भावालाही म्हणाली, "ये की, माझ्याजवळ बस." तो गेला नाही.

एकदा मात्र तिच्या फाटकापाशी तो थबकलेला दिसला. आत त्याचाच फिटर ताईवर खच्चून ओरडत होता, "हात काढा आधी! कळतं का काही!" आणि ताई हसत होती.

"इतकी वर्षं माझ्याकडं होता," भाऊ मला म्हणाला. "याचा आवाज एवढा मोठा आहे, मला ठाऊकच नव्हतं."