शून्य मात्रा

रुपाच्या किरणं मोजणाऱ्या बिल्ल्याची मात्रा शून्य आली. माझ्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या तुलनेच्या बिल्ल्याइतकीच नोंद. वजाबाकी केली की काही उरत नव्हतं. तीन महिने आखाती देशांच्या फेऱ्या केलेल्या हवाईसेविकेच्या बाबतीत हे शक्य नाही. आपल्या अक्षांशांवर अवकाशातले किरण ध्रुवांकडच्यापेक्षा कमी पोहोचतात, पण विमानाच्या उंचीवर ते शून्य नसतात.

माझ्या छापील सहीचा अहवाल मी पाहण्याआधीच विमान कंपनीकडे गेला होता.

रुपा माझी मावसबहीण. तिचा पहिला गर्भ गेला. तो किरणांमुळे गेला असं मी कधी म्हटलं नाही. तसा पुरावा नाही. पुन्हा दिवस राहिले तर त्याच पगारावर जमिनीवरचं काम द्या, एवढीच तिची मागणी होती. कंपनी म्हणाली, आधी मोजून दाखवा. मी बिल्ला कापडी पिशवीत शिवून दिला आणि गणवेशाच्या आत पोटाशी बांधायला सांगितला. आता तिला दुसरा महिना होता.

कुठे चुकलं ते विचारायला मी रुपाच्या माहेरी, कळसाडीला गेले. तिची आई, दगूमावशी, ओट्यावर कापसातली काडी वेचत होती. तिनं लपवलं काहीच नाही.

"रुपाच बोलनी ना, त्यामा किरणं साठतस. साठेल वस्तू पोटले बांधी फिरतस का, माय? तू बिल्ला दिधा का लगेच ती सुट्टीवर उनी, तवय मी शिवण उसाडी, बिल्ला काढी लिधा, देवीना अंगारा भरी दिधा. तुन्हाकडे धाडाना पहिले, दिवाईले, परत घाली दिधा. तिले समजनं बी नई."

"मावशी, तो मोजायचा होता."

"तू शिकेल शे, पन तुले लेकरू नई," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज उतरवला. "आते तरी खाले ठेवतीन ना तिले?"

मी शेताच्या वाटेवर जाऊन रुपाला फोन केला. मावशीनं काय केलं ते सांगितलं आणि कंपनीला तसं लिहावं लागेल म्हणाले.

"ताई, लिखू नको. कंपनीवाला म्हनतीन, मीच बिल्ला मुद्दाम घर ठेवा. नोकरी जाई मन्ही."

"मग तू उडत राहशील."

"राहसू. ह्यास्ना धंदा बुडेल शे, माहीत शे ना तुले? मन्हा पगारवर घर चाली ऱ्हायनं."

तेवढ्यात तिनंच मला कंपनीचं परिपत्रक पाठवलं. सर्व हवाईसेविकांसाठी होतं. उड्डाणातली मात्रा शून्य असल्याचं तज्ज्ञांच्या मोजणीतून सिद्ध झालं आहे. गरोदर सेविकांना वेगळ्या सवलतीची गरज नाही. खाली माझी सही.

ते परिपत्रक मिळालेल्या किती जणींना दिवस गेले असतील, ते मला ठाऊक नव्हतं. रुपाचं मात्र ठाऊक होतं.

मी पत्र लिहिलं. बिल्ला त्या काळात विमानात नव्हता, म्हणून निष्कर्ष रद्द समजावा. मावशीचं नाव घातलं नाही. नवा बिल्ला देऊन पुन्हा मोजणी करावी, अशी विनंती केली.

उत्तर आठवड्यात आलं. कंपनीनं आभार मानले होते. निष्कर्ष रद्द, म्हणजे मागणीला आधारच नाही. पुढच्या मोजणीला परवानगी नाही, कारण प्रयोगशाळेला आपले बिल्ले सांभाळता येत नाहीत. संबंधित सेविकेला चौकशी होईपर्यंत बिनपगारी घरी बसवण्यात येत आहे. बाकीच्यांचं वेळापत्रक होतं तसंच राहील.

रुपानं माझे फोन घेणं बंद केलं. शेवटी मावशीचाच फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"पोर घर उनी वं! आते मन्हा डोयासमोर शे. बरं करं तू. तू लिखं म्हनीसन तर सोडं त्यासनी."

मी विचारलं, रुपा आहे का जवळ.

"आठेच शे, भाजी निवडी ऱ्हायनी. रुपा, ताई शे. बोल ना."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. मग रुपा म्हणाली, मला ऐकू येईल इतक्या स्पष्टपणे, "आई, फोन ठेव."