आकडेबाईंचा तक्ता

"त्या डबड्यात अजून धुगधुगी आहे का?" साहेबांनी दारातून विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ते आत आले.

आकडेबाईंनी मान वर केली नाही. जुन्या लॅपटॉपवर त्यांचा प्रोग्रॅम कंपाइल होत होता, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरत होता. पडद्यावरच्या ओळी मुंगीच्या पावलानं सरकत होत्या.

इस्पितळाच्या किरणोपचार विभागात त्यांची बावीस वर्षं झाली होती. गाठ किती खोल आहे ते कळलं, की किरणांचं मशीन किती मिनिटं चालवायचं हे त्या तक्त्यात पाहून काढून देत. तक्ता विभागप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी चार वर्षांपूर्वी केलेला. साहेबांना त्रैराशिक तरी येतं का, याची बाईंना शंका होती. साहेबही चारचौघांत म्हणत, "बाईंना पदवी नाही, पाढे तेवढे पाठ आहेत."

अलीकडे खोल गाठींचे आकडे बाईंना खटकू लागले होते. त्यांनी हातानं ताळा केला, तर फरक आला. "हातानं चुका होतात, बाई," साहेब म्हणाले. तक्ताही त्यांनी हातानंच केला होता, पण ते बोलण्यात अर्थ नव्हता. बाईंनी घरी बसून वहीत प्रोग्रॅम लिहिला.

नवा कॉम्प्युटर साहेबांच्या खोलीत कव्हराखाली असायचा. त्यावर ते रजेचे अर्ज टाइप करत. बाईंच्या वाट्याला आलेल्या लॅपटॉपमध्ये मॅथ को-प्रोसेसरच नव्हता. दशांशांची गणितं झटपट करणारी ती वेगळी चिप बसवलेलीच नव्हती. पहिल्या खेपेला प्रोग्रॅम चिपवाचून चालेना. मग चिपचं काम सॉफ्टवेअरकडूनच, बारीक बारीक पायऱ्या पाडून करून घ्यायचं ठरलं, आणि त्यासाठी सगळं मुळापासून कंपाइल करणं आलं. सकाळी नऊला लावलेलं काम दोन वाजले तरी चालूच होतं.

साहेबांनी हातातली किटली टेबलावर ठेवली, लॅपटॉपचा प्लग उपटला आणि तिथे किटलीचा लावला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती. पडदा काळा झाला.

"काही चालू होतं का?"

"हो."

"चहा घेणार?"

"नको."

दुसऱ्या दिवशी बाईंनी खुर्ची प्लगला टेकवून लावली आणि जेवायलाही उठल्या नाहीत. प्रोग्रॅम तयार झाला. तिसरा दिवस आकडे निघण्यात गेला. खोल गाठींना साहेबांचा तक्ता अकरा टक्के कमी डोस देत होता. सोमवारी एका बसचालकाचे उपचार त्याच तक्त्यावर सुरू व्हायचे होते.

कागद पाहून साहेब हसले. "ज्याला गणिताची चिपच नाही, त्याचं गणित तुम्ही माझ्यापुढे ठेवता?"

"चिप नाही म्हणून सावकाश करतं, साहेब. चुकीचं करत नाही."

"तुमच्यासारखंच म्हणा की."

बाई तिथून उठून मशीनवाल्याकडे गेल्या. मशीन चालवणारा तो तंत्रज्ञ दोघांनाही सारखंच मूर्ख समजे, त्यामुळे निःपक्षपाती होता. शनिवारी दुपारी त्यानं शरीराच्या जागी ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत मोजणीची कांडी सोडली, किरण सुरू केले आणि वीस सेंटिमीटर खोलीवरचा आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"तुमचं डबडं बरोबर आहे," तो म्हणाला.

सोमवारी बसचालक यायच्या आत भिंतीवर बाईंच्या आकड्यांचा नवा तक्ता लागला. खाली साहेबांची सही होती. बाईंना तिचं काही वाटलं नाही. त्या सहीला त्यांनी कधी किंमत दिलीच नव्हती.

"आधीच्या रुग्णांचं काय?" त्यांनी विचारलं.

"मागचं उकरू नका. विभागाचं नाव जाईल."

"विभागाला नाव आहे का?"

साहेबांनी दार लावून घेतलं. बाईंनी कपाटातून चार वर्षांच्या फायली काढल्या. खोल गाठीचे एकेचाळीस रुग्ण निघाले. प्रत्येकाला त्यांनी फेरतपासणीसाठी पत्र टाइप केलं, खाली स्वतःची सही केली आणि ती सगळी पत्रं स्वतः पोस्टात टाकून आल्या.

दहाव्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ पत्र घेऊन आले. इस्त्रीचा सदरा, पायांत घरातल्याच चपला.

"ही माझी बायको," पत्रावरच्या नावावर बोट ठेवून ते म्हणाले. "गेल्या वर्षी गेली. पण बोलावलंय म्हटल्यावर आलो."

बाईंनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. "आमचा तक्ता चुकला होता. त्यांना डोस कमी पडला. त्यामुळेच गेल्या का, ते मला सांगता येणार नाही. पण चूक आमची होती. मी रोज त्याच तक्त्यात पाहून आकडे देत होते."

"ती म्हणायची, मशीनवर काही जाणवतच नाही," गृहस्थ म्हणाले. "मी म्हणायचो, तुला सगळ्यात खोट काढायची सवयच आहे."

गृहस्थांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली.

"यावर तिचं पूर्ण नाव आहे," ते म्हणाले. "हे मी परत नेलं तर चालेल का?"